वेळ आणि दिशा लिहून ठेवणारी माणसं

२ एप्रिल २०२२, शनिवार. गुढीपाडवा होता. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, घराघरात रात्रीच्या जेवणाची तयारी चालली होती. पावणेआठच्या सुमारास तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, गच्चीवर आणि रस्त्यावर असलेल्यांनी आकाशात जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. उल्का असती तर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच विझली असती. ह्या रेघा संथपणे, एकमेकींना समांतर सरकत वायव्येकडून आग्नेयेकडे गेल्या. जळगाव, बुलढाणा, अकोला, नागपूर, पलीकडे मध्य प्रदेश, सगळीकडे त्या दिसल्या. कुणी उल्कापात म्हणालं, कुणी क्षेपणास्त्र, कुणाला वाटलं विमानच पेटलं. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तर सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं मोकळ्या जागेत येऊन आदळलं.

त्या रात्री वार्ताहरांनी शहरातल्या एमजीएमच्या एपीजे अब्दुल कलाम खगोल अंतराळ विज्ञान केंद्राला फोन लावले. हाताशी असलेल्या माहितीवरून पहिला अंदाज निघाला तो न्यूझीलंडहून त्याच संध्याकाळी सुटलेल्या इलेक्ट्रॉन रॉकेटचा. पुढं कक्षांचं गणित करणाऱ्यांनी वेळ आणि मार्ग ताडून पाहिला. तेव्हा हा अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा असल्याचं दिसून आलं. पहिला अंदाज बदलला, यात कमीपणा काही नाही. शास्त्राचं काम असंच चालतं. मात्र अंदाज बदलायला आधार लागतो, आणि तो आधार होता अमुक वाजता, अमुक ठिकाणाहून, अमुक दिशेला दिसलं, एवढ्या साध्या माहितीचा.

आकाशात काही अनोळखी दिसलं की सामान्य माणसानं ते कसं टिपावं आणि कुणाला कळवावं, हा प्रश्न त्या पाडव्याच्या १३९ वर्षं आधी साऱ्या जगापुढं उभा राहिला होता. त्यातूनच पुढं रात्री उजळणाऱ्या ढगांचा शोध लागला. ही त्या शोधाची हकिगत आहे, आणि ती प्रामुख्यानं हौशी माणसांची आहे.

२७ ऑगस्ट १८८३ ला सकाळी सुंदा सामुद्रधुनीतलं क्राकाटोआ बेट फुटलं. लाटांनी किनारे धुऊन नेले, ३६ हजारांहून अधिक माणसं दगावली. स्फोटाचा आवाज सुमारे ४,८०० किलोमीटरवरच्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू आला. ज्वालामुखीनं उधळलेली धूळ आणि वायू वातावरणात उंच गेले आणि विषुववृत्ताच्या कडेनं पश्चिमेकडे वाहू लागले.

तेव्हा उपग्रह नव्हते, विमानं नव्हती. ती धूळ कुठवर पोचली हे कळायला एकच मार्ग होता, तो म्हणजे जमिनीवरच्या माणसांचे डोळे. ५ सप्टेंबरला होनोलुलूत सेरेनो बिशप नावाच्या पाद्र्यानं सूर्याभोवती तांबूस कडेचं एक अंधूक वलय पाहिलं. त्यानं ते लिहून ठेवलं, इतर ठिकाणांहून आलेल्या खबरा तारखेनुसार मांडल्या आणि हा उंचावरचा प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे पृथ्वीला वळसा घालतो आहे असा निष्कर्ष काढला. साधारण दोन आठवड्यांत त्या धुळीनं पृथ्वीची एक प्रदक्षिणा पुरी केली होती. सूर्याभोवतीच्या अशा वलयाला आजही बिशपचं वलय म्हणतात. बिशप व्यवसायानं शास्त्रज्ञ नव्हते. त्यांच्यापाशी तारखा होत्या, आणि तेवढ्यावर त्यांचं काम झालं.

आपल्याकडंही हे आकाश दिसलं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दक्षिण हिंदुस्थान आणि सिलोनमध्ये उगवता-मावळता सूर्य हिरवा दिसू लागला. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजातले प्राध्यापक मिची स्मिथ यांनी त्या हिरव्या सूर्याच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. हेच स्मिथ पुढं कोडाईकनाल वेधशाळेचे पहिले संचालक झाले. हिवाळा लागेपर्यंत धूळ उत्तरेकडे पसरली आणि युरोप-अमेरिकेत सूर्य मावळून बराच वेळ झाला तरी पश्चिम लालभडक राहू लागली. अमेरिकेत पोकिप्सी इथं तर कुठंतरी मोठी आग लागली असं समजून बंब बाहेर काढले गेले.

लंडनच्या चेल्सी भागात विल्यम ॲस्क्रॉफ्ट हा चित्रकार रोज संध्याकाळी टेम्सच्या काठी बसू लागला. त्यानं खडूनं पाचशेहून अधिक चित्रं काढली. रंग भराभर बदलत, म्हणून तोही भराभर काढी. २६ नोव्हेंबर १८८३ च्या एकाच संध्याकाळची त्याची क्रमवार चित्रं आजही पाहता येतात. आधी पिवळसर क्षितिज, मग त्यावर चढत जाणारी गुलाबी झळाळी, मग ती विझून पुन्हा उमटलेली दुसरी लाली. सूर्य मावळल्यावर ही लाली किती वेळ टिकते यावरून धूळ किती उंचीवर आहे याचं गणित मांडता येतं. कारण जमिनीवर अंधार झाला तरी जितक्या उंचावर वस्तू असेल तितका वेळ तिच्यावर ऊन पडत राहतं. ॲस्क्रॉफ्टनं क्रम सांभाळला नसता तर ती चित्रं नुसती सुंदर राहिली असती.

जानेवारी १८८४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं क्राकाटोआ समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते जॉर्ज जेम्स सायमन्स. पाऊस मोजणाऱ्या स्वयंसेवकांचं ब्रिटनमधलं जाळं ह्याच माणसानं विणलं होतं. पाद्री, शाळामास्तर, डॉक्टर, शेतकरी अशी माणसं आपापल्या अंगणात पर्जन्यमापक ठेवत आणि आकडे पोस्टानं सायमन्सकडे धाडत. त्यांच्या हयातीतच अशी तीन हजारांहून अधिक ठिकाणं झाली. सामान्य माणूस नीट सांगितलं तर नीट मोजतो, हे सायमन्स अनुभवानं जाणत होते.

फेब्रुवारी १८८४ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांतून जाहीर विनंती केली. क्राकाटोआशी संबंधित जे काही कुणी पाहिलं-ऐकलं असेल ते कळवा. पण कळवताना तारीख, नेमकी वेळ आणि पाहणाऱ्याचं ठिकाण यांबाबत फार काटेकोर राहा, आणि वेळ ग्रिनिचची आहे की स्थानिक, तेही लिहा.

त्या शेवटच्या सूचनेचं मोल आज चटकन ध्यानात येत नाही. त्या काळी गावोगावी वेळ वेगळी होती. मुंबईची वेळ निराळी, रेल्वे पाळत असे ती मद्रासची वेळ निराळी. औरंगाबाद निजामाच्या राज्यात होतं आणि तिथं दुपारचे बारा म्हणजे डोक्यावर आलेला सूर्य. भारतीय प्रमाणवेळ आली १ जानेवारी १९०६ ला. ती साडेब्याऐंशी रेखांशाची वेळ आहे आणि आपलं शहर आहे सुमारे ७५ अंश २० कलांवर. म्हणजे आपल्या मनगटावरचं घड्याळ इथल्या सूर्यापेक्षा जवळपास २९ मिनिटं पुढं चालतं. वेळ कुठली हे न लिहिता कुणी 'सात वाजता लाली दिसली' एवढंच कळवलं, तर अर्ध्या तासाची चूक होते, आणि तेवढ्या चुकीत धुळीची उंची कुठच्या कुठं जाते.

समितीचा ग्रंथ १८८८ मध्ये निघाला. जवळजवळ पाचशे पानांचा. त्यात बंदरांवरच्या भरतीमापकांचे आणि वायुभारमापकांचे आकडे आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीला जहाजांचे कप्तान, मिशनरी, चहामळेवाले आणि सामान्य वाचक यांची पत्रं बसली आहेत. ॲस्क्रॉफ्टची त्या नोव्हेंबरच्या संध्याकाळची चित्रं ग्रंथाच्या आरंभी छापली आहेत.

क्राकाटोआनं आणखी एक गोष्ट केली. रोज संध्याकाळी आकाश पाहण्याची सवय हजारो लोकांना लागली.

८ जून १८८५. इंग्लंडच्या संडरलंडचे हौशी खगोलनिरीक्षक थॉमस बॅकहाउस बव्हेरियातल्या किसिंगेनला मुक्कामी होते. सूर्य मावळून बराच वेळ झालेला, नेहमीचे ढग काळे पडलेले. आणि उत्तरेच्या क्षितिजावर मात्र निळसर रुपेरी ढगांची नक्षी आपल्याच उजेडानं चमकावी तशी चमकत होती. मॉस्कोत १२ जूनला विटोल्ड त्सेरास्की यांनी ते ढग पाहिले. जुलैत साउथॅम्प्टनच्या रॉबर्ट लेस्लींनी 'नेचर'ला पत्र लिहिलं. बॅकहाउसनी आपलं टिपण पाठवलं ते हवामानाच्या एका मासिकाला, आणि त्या मासिकाचे संपादक होते तेच सायमन्स.

हे ढग त्यापूर्वी नव्हतेच की असूनही कुणी लक्ष दिलं नव्हतं, यावर अभ्यासकांची चर्चा अजून चालते. पण १८८५ मध्ये ते एका महिन्यात इतक्या ठिकाणी टिपले गेले, याला दोन वर्षांची ती सवय कारण झाली असावी.

बर्लिनच्या ऑटो येस्से यांनी ह्या ढगांना रात्री उजळणारे ढग हे नाव दिलं. इंग्रजीतून आपण नॉक्टिल्युसंट म्हणतो तेही हेच. येस्सेंनी उंची मोजायची ठरवली. रीत साधी होती. एकमेकांपासून बऱ्याच अंतरावरच्या दोन-तीन ठिकाणी कॅमेरे लावायचे आणि ठरल्या क्षणी एकाच ढगाचं छायाचित्र घ्यायचं. दोन जागांवरून तो ताऱ्यांच्या तुलनेत किती सरकलेला दिसतो, त्यावरून उंची काढायची.

आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. जालना आपल्यापासून सुमारे ६० किलोमीटर. संभाजीनगरच्या बरोबर माथ्यावर एखादी वस्तू ८ किलोमीटर उंचीवर असेल, तर जालन्यातून ती पश्चिम क्षितिजाला जवळजवळ टेकलेली, सात-आठ अंशांवर दिसेल. तीच वस्तू ८० किलोमीटर उंच असेल तर जालनेकराला ती निम्म्याहून वर, पन्नास-पंचावन्न अंशांवर दिसेल. दोन मित्र, दोन गावं, एक वेळ, आणि दोघांनी लिहिलेला कोन. एवढ्यावर ८ आणि ८० चा निवाडा होतो. एकट्यानं पाहिलेल्या गोष्टीची उंची, तो कितीही हुशार असला तरी, नुसत्या नजरेनं सांगता येत नाही.

येस्सेंचं उत्तर आलं सुमारे ८२ किलोमीटर. शंभर वर्षांनी रडार, रॉकेटं आणि लेसर घेऊन मोजलं तरी आकडा तिथंच राहिला. साधा पाऊस देणारा ढग फार तर १५-१८ किलोमीटरपर्यंत चढतो. ८२ किलोमीटरवर हवा इतकी विरळ असते की तिथं ढग असू शकतो हेच आधी कुणाला पटत नव्हतं. येस्सेंच्या पाठीशी बर्लिन वेधशाळेचे संचालक विल्हेल्म फर्स्टर उभे राहिले. १८९१ मध्ये त्यांनी खगोलमित्रांची संस्था काढली, ती अशीच हौशी निरीक्षणं गोळा करण्यासाठी.

पुढं ह्या नोंदींचे नियम ठरले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांना जोर आला. एडिंबऱ्याचे जेम्स पॅटन वर्षानुवर्षं हवामान केंद्रांतून, जहाजांतून, वैमानिकांकडून आणि हौशी मंडळींकडून टिपणं मिळवत राहिले. १९७० मध्ये जागतिक हवामान संघटनेनं निरीक्षकांसाठी पुस्तिका काढली. त्यात ह्या ढगांची रूपं चार गटांत मांडली आहेत. पडदा, पट्टे, लाटा आणि भोवरे. तेजाला १ ते ५ आकडे. दर १५ मिनिटांनी ढग क्षितिजावर कुठून कुठवर पसरलाय आणि किती अंश वर चढलाय ते लिहायचं. आणि ज्या रात्री आकाश निरभ्र असूनही ढग दिसले नाहीत, त्या रात्रीही 'दिसले नाहीत' असं लिहायचं. हा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. दिसलं तेव्हाच लिहिणाऱ्याच्या वहीतून, एरवी काय होतं ते कळत नाही.

हे ढग बर्फाचे असतात. कण इतके बारीक की मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून लहान. २००७ मध्ये नासानं त्यांच्या अभ्यासासाठी एम नावाचा खास उपग्रह सोडला. उन्हाळ्यात ध्रुवांकडे त्या उंचीवर तापमान उणे १२० अंशांच्याही खाली जातं, तेव्हा उल्कांच्या धुरकट धुळीवर पाण्याची वाफ गोठून ते तयार होतात. माणसानं वाढवलेल्या मिथेनपासून वर अधिक पाणी तयार होतं आणि ते ढग पूर्वीपेक्षा अधिक दिसतात, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं दाखवलं. हवामानबदलाच्या ह्या चर्चेत १८८५ ची ती टिपणं अजून पुरावा म्हणून वाचली जातात.

आपल्याला हे ढग दिसत नाहीत. २० अक्षांशावर तेवढी थंडी त्या उंचीवर पडत नाही. शिवाय आपली सांज आखूड. जूनमध्ये लंडनला मध्यरात्रीसुद्धा सूर्य क्षितिजाखाली फक्त १५ अंश असतो, म्हणून उत्तरेच्या क्षितिजाकडच्या उंच ढगांवर रात्रभर ऊन राहतं. आपल्याकडं त्याच रात्री तो जवळपास ४७ अंश खाली गेलेला असतो, आणि वर पावसाळी आभाळ. पण नोंद करण्याची ती शिस्त कुठल्याही अक्षांशावर चालते, आणि ती नसली की काय होतं, याचं उदाहरण आपल्या किनाऱ्यावरच आहे.

विजयदुर्गावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात तिथूनच हेलियम शोधला, असं सांगितलं जातं आणि त्या तारखेला हेलियम दिवसही साजरा होतो. १८६८ च्या त्या ग्रहणाला लॉकियर हिंदुस्थानात आले नव्हते. तेव्हा जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल होते आणि गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन. लॉकियर यांनी आपला वेध ऑक्टोबरात इंग्लंडातून घेतला. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्या वेळी त्यांनी मेल्पोमेनी ह्या युद्धनौकेवरच्या खलाशांना शिकवून निरीक्षक बनवलं, कुणाला प्रभामंडळाचं चित्र काढायला, कुणाला सेकंद मोजायला. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यात जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला आपली यंत्रं लावून उभे होते. शास्त्र न शिकलेल्या खलाशांकडून वेध घेऊन दाखवणं हा विजयदुर्गाचा खरा मान आहे, आणि तो हेलियमच्या कथेपेक्षा तसूभरही कमी नाही. फक्त तारीख तीस वर्षं सरकली आणि खरा मान बाजूला पडला.

आपल्या परंपरेला नोंद परकी नाही. जेधे शकावलीत शक, महिना, तिथी आणि वार लिहून एकेक ओळ आहे. त्यातल्या एका ओळीनं शिवजन्माची तिथी ठरवायला आधार दिला. लिहिणाऱ्यानं शैली दाखवली नाही, तिथी लिहिली. खगोलाच्या बाबतीत हेच काम नेटानं करण्यासाठी २२ ऑगस्ट १९४४ ला पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी निरीक्षकांची देशातली ही सर्वांत जुनी संस्था आजही चालू आहे. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत संधिप्रकाश मोजून वरच्या हवेतल्या धुळीचे थर शोधण्याचं काम झालं. ॲस्क्रॉफ्ट डोळ्यांनी आणि खडूनं जे करत होता, तेच हे काम यंत्रानं.

आता पाडव्याच्या त्या संध्याकाळकडं परत येऊ. त्या दिवशी संभाजीनगरात सूर्य पावणेसातच्या आसपास मावळला. पावणेआठला तो क्षितिजाखाली जवळपास १५ अंश होता. त्या घटकेला माथ्यावर सुमारे २०० किलोमीटरपर्यंत अंधार असतो. परत येणारं रॉकेट जळतं ते साधारण ७०-८० किलोमीटरवर, म्हणजे रात्री उजळणाऱ्या ढगांच्याच पातळीवर. तिथं ऊन नव्हतं. तेव्हा त्या रेघांचा उजेड उन्हाचा असणं शक्यच नव्हतं, तो जळण्याचाच होता. एवढा निष्कर्ष केवळ घड्याळावरून निघतो. दुर्बीण लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही.

मोबाइलवर टिपलेलं दृश्य एका गटातून दुसऱ्या गटात जात राहतं. दहाव्या हाती पोचेपर्यंत त्यातून गाव गळतं, वेळ गळते, दिशा गळते, आणि उरते ती नुसती चमक. म्हणून वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी आकाशात काही अनोळखी दिसलं, तर छायाचित्र जरूर काढा, पण चौकटीत एखादी ओळखीची खूण येऊ द्या, पाण्याची टाकी, मिनार, देवगिरीचा डोंगर. आधी घड्याळ पाहा, मिनिट लिहा. दिशा लिहा. हात समोर ताठ धरून मूठ वळा, ती मूठ आकाशात सुमारे १० अंश झाकते. क्षितिजापासून किती मुठी वर दिसलं ते मोजा. किती सेकंद दिसलं ते लिहा. कुठं उभे होता ते लिहा. आणि ते टिपण जवळच्या विज्ञान केंद्राला किंवा खगोलमंडळाला त्याच रात्री कळवा. त्याच वेळी जालन्यात कुणी अशाच मुठी मोजल्या असतील, तर तुमच्या दोन ओळींतून उंची निघेल.